पावण्यांचा पंचा

लिंगायताच्या घरात बकरं सगळ्यात सुरक्षित असतं, हा शोध गल्लीत पहिल्यांदा आक्काला लागला.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. आदल्या साली आषाढातल्या यात्रेसाठी तिच्या मुलानं, सयाजीनं, आणून बांधलेलं बकरं यात्रा तोंडावर आली असताना गोठ्यातून गायब झालं. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या तालमीतून असा काही वास सुटला, की गल्लीतली सगळी कुत्री तालमीच्या दारात गुडघे मोडून बसली. आक्का काठी टेकत चौकशीला गेली. पोरं म्हणाली, "वांग्याचं भरीत हाय, आक्का." आता भरतातल्या नळ्या फोडून चोखणारी माणसं आक्कानं ऐंशी वर्षांत बघितली नव्हती. पण तालमीच्या पोरांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? ती गप परत आली आणि वर्षभर विचार करत बसली. यंदाचं बकरं आलं तेव्हा तिचा विचार पक्का झालेला होता. तिनं दावं हातात धरलं, गल्ली ओलांडली आणि समोरच्या रेवणसिद्ध बिरनाळ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आण्णा, हे यात्रेपातूर ठिवून घे. तुज्या घरात हेला कोन शिवनार न्हाय."

रेवणसिद्ध बिरनाळे म्हणजे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय चहाही न घेणारा माणूस. त्यांच्या घरात अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा कधी टांगलं गेलं नव्हतं. त्यांनी बकऱ्याकडे बघितलं. बकऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. "आक्का, आमच्यात हे बरं दिसत नाही," हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण ते त्यांनी गिळलं. एक तर गेल्या हिवाळ्यात ते टायफॉइडनं दवाखान्यात आडवे पडले तेव्हा सयाजीचं दूध आणि आक्काची पेज रोज न चुकता पोचत होती. आणि दुसरं कारण त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. बायको, रुद्राणी, वारल्यापासून त्यांच्या दारात उभं राहून कुणी त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. मुलगा सोमेश बेंगलोरला. तो रविवारी फोन करायचा. जेवलात? जेवलो. तब्येत? बरी आहे. मग बापलेक फोनमधली खरखर थोडा वेळ ऐकायचे आणि ठेवून द्यायचे.

"नवस कसला आहे, आक्का?" त्यांनी दावं हातात घेत विचारलं.

"हाय एक. सांगायचा नसतोय," आक्का म्हणाली आणि मागं न बघता निघून गेली.

आता बकऱ्याशी बोलायचं कसं, हा पहिला प्रश्न. हसू नका, प्रश्न खरा होता. रेवणसिद्धांनी उभ्या नोकरीत शिपायालाही कधी अरेतुरे केलं नव्हतं. एक दिवस तर त्यांनी साहेबांच्या टेबलावर चढलेल्या मांजराला "आपण जरा उतरता का" असं म्हटल्याचं ऑफिसात लोक कितीतरी वर्षं सांगत होते. त्यात सयाजीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "आण्णा, नाव तेवडं ठिवू नका. नाव ठिवलं की जीव लागतोय." मग नाव नाही, अरेतुरे जमत नाही, तर हाक काय मारायची? कोल्हापुरात ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला जे म्हणतात तेच त्यांनी म्हटलं.

"पावणं, जरा तिकडं सरकता का?"

पावणे सरकले. रेवणसिद्धांना बरं वाटलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी कुणाचं ऐकलं होतं.

पहिल्याच सोमवारी पावण्यांनी महादेवासाठी आणलेली बेलाची पानं खाल्ली. शेजारी पंचांग होतं, त्याला तोंड लावलं नाही, म्हणजे निवड होती. रेवणसिद्ध रागावले, दुसरी पानं आणायला गेले आणि येताना जरा जास्तच घेऊन आले. पुढं पावसाला जोर आला, पडवीत पाणी शिरू लागलं, शिवाय तालमीची पोरं हल्ली उगीचच "आण्णा, बरं हाय न्हवं?" म्हणून दारावरून जाऊ लागली होती. तेव्हा पावण्यांचा मुक्काम पडवीतून माजघरात आला. तिथं पहिल्याच दिवशी भिजून आलेल्या पावण्यांनी देवघरासमोर उभं राहून नाकापासून शेपटापर्यंत असं काही अंग झाडलं, की समई विझली, विभूतीचा चिखल झाला आणि भिंतीवरच्या फोटोतल्या रुद्राणीच्या गालावरून पाणी ओघळलं.

रेवणसिद्ध काही खात्यात उगीच हेडक्लार्क झाले नव्हते. त्यांनी लगेच कार्यपद्धती ठरवली. पावणे भिजून आले, की पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "थांबा." मग स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढून आधी कान, मग मान, मग पाठ, शेवटी पोट. सगळं कोरडं झालं की मागच्या अंगणाचं दार उघडायचं, हात काढायचा आणि म्हणायचं, "झालं, जावा आता." की पावणे दोन उड्या मारून अंगणात जाणार आणि तिथं हवं तेवढं अंग झाडणार. पंधरवड्यात पावण्यांना ही पद्धत इतकी पाठ झाली, की अंगावर थेंब पडला तरी ते हनुवटी वर करून, डोळे अर्धे मिटून, पंच्याची वाट बघत दगडासारखे उभे राहायचे. खात्यातल्या माणसांना एवढी शिस्त लावायला रेवणसिद्धांना तीस वर्षं पुरली नव्हती.

गल्लीचं म्हणाल, तर गल्लीला पावण्यांत पावणं दिसतच नव्हतं, मटण दिसत होतं. सायकलच्या दुकानाचा कृष्णात हा गल्लीचा मुख्य सल्लागार. तो संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा आणि जाता जाता, बाजारात आंबा दाबून बघावा तसा, पावण्यांच्या बरगड्या दाबून बघायचा.

"आण्णा, हरभरा घाला की. चरबी कशी धरतीया बघा."

"चरबी कशाला?"

"आता चरबीबिगर पांढरा रस्सा मंजे काय आण्णा, तांदळाचं धुवान."

दुसऱ्यानं मका सुचवला. तिसऱ्यानं पाठीचा भाग आपल्याकडे पाठवून द्यायला सांगितला, आणि तेही पावण्यांच्या देखत. रेवणसिद्धांना वाटायचं, ही माणसं आपल्याच बरगड्यांत बोटं घालताहेत. ते पावण्यांचे कान हातांनी झाकून धरायचे. पुढं पुढं त्यांनी सहाच्या आतच दार लावून घ्यायला सुरुवात केली. आत ते दोन भाकऱ्या करत, एक पावण्यांना मोडून घालत, एक स्वतः खात, आणि दिवसभराचं सगळं सांगत. तसं दिवसभरात काय घडायचं? वीजबिल भरायला गेलो, सुट्टे नव्हते. एवढंच. पण पावणे ते रवंथ करत शेवटपर्यंत ऐकायचे. सोमेशला ते सांगायला कधी जमलं नव्हतं; सुट्ट्या पैशांच्या गोष्टीसाठी बेंगलोरची लाइन अडवून धरायची म्हणजे लाज वाटायची.

एकदा पावण्यांनी रात्रीची भिजवलेली ज्वारी टोपलंभर खाल्ली आणि सकाळी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. रेवणसिद्ध अनवाणीच धावले. रुद्राणीच्या वेळी जसे धावले होते, अगदी तसेच. रिक्षावाल्याच्या हातापाया पडून त्यांनी पावण्यांना मांडीवर घेतलं आणि जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला. तिथं केसपेपर काढायला खिडकीत एक कारकून बसलेला.

"मालक?"

"सयाजी… म्हणजे मालक ते. मी सांभाळतो."

"मंजे राखनदार," असं म्हणून त्यानं लिहूनही टाकलं. हेडक्लार्कचा राखणदार झाला.

"जनावराचा उपयोग?"

"कसला उपयोग?"

"दूध, वढकाम, पैदास, मांस. हेच्यातलं येक लिवायला लागतंय."

रेवणसिद्धांनी पावण्यांकडे बघितलं. पावणे कण्हत होते. "सोबत," ते म्हणाले.

कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून नीट बघितलं. "पावणं, सोबत असला कॉलम न्हाय."

"मग इतर लिहा."

"इतर पन न्हाय."

"असा कॉलम नाही" हे वाक्य रेवणसिद्धांनी स्वतः लोकांना किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. खिडकीच्या या बाजूनं ते असं ऐकू येतं, हे त्यांना आज कळलं. कारकुनानं "मांस" लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या म्हशीला हाक मारली. डॉक्टरांनी गोडेतेल पाजलं. परतीच्या वाटेवर रिक्षातच त्याचा गुण आला, आणि तो इतक्या मोठ्यानं आला, की रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेऊन आधी टायर तपासला. पावणे बरे झाले. रेवणसिद्ध मात्र त्या शिक्क्यानं पुढचे कितीतरी दिवस आजारी होते.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी धीर केला. आक्का पायरीवर मेथी निवडत बसली होती. ते शेजारी जाऊन बसले, दोन काड्या निवडल्या आणि म्हणाले, "आक्का, जीव तो जीव. त्याचा काय आणि आपला काय."

"व्हय की. मी कवा न्हाय म्हटलं?"

"मग मारायचं कशाला त्याला?"

"आमी ईचारून मारतोय," आक्का म्हणाली. "देवीपुढं हुबं करायचं, अंगावर पानी शिपडायचं. त्येनं अंग झाडलं तर त्येला कबूल, देवीला कबूल. न्हाय झाडलं तर सुरी लावायची न्हाय. ह्यो रिवाज हाय. आता तू सांग. ही मेथी तू खानार. हिला ईचारलंस?"

"मेथी वेगळी, आक्का."

"बरं, मेथी ऱ्हाऊ दे. आमच्या म्हशीचं दूध पितोस. तिचं रेडकू कुटं जातंय, ईचारलंस कवा?"

रेवणसिद्धांनी कधीच विचारलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते समोर म्हैस पिळून पेला भरून देतात त्या दूधकट्ट्यावर उभे राहून धारोष्ण पेला रिकामा करत आले होते, मिशीवरचा फेस पुसत आले होते, आणि रेडकाची आठवण काही त्यांना झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरा चहा करून बघितला. तो इतका वाईट लागला, की तत्त्वाचा विचार त्यांनी पुढच्या सोमवारावर ढकलला. तो सोमवार काही आला नाही.

यात्रा मात्र आली. पन्हाळ्याच्या पायथ्याला सयाजीचं मूळ गाव, तिथल्या माळावर देवी. सकाळीच दारात टेम्पो लागला. पातेली चढली, सरपण चढलं, वाटलेल्या मसाल्याचे डबे चढले, पाहुणेरावळे चढले. मग सयाजी दावं घ्यायला आला. रेवणसिद्धांनी पावण्यांना आदल्या दिवशीच ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं होतं. पंचा खांद्यावर टाकून ते म्हणाले,

"हे बघ सयाजी, त्यांना ओला चारा देऊ नको, पोट बिघडतं. टेम्पोत तोंड मागं ठेवू नको, धूर लागतो. आणि भिजले तर लगेच पुसायचं. हा पंचा घेऊन जा."

सयाजी पंच्याकडे बघत राहिला. मोठा आडदांड गडी, पण त्याला कुठं बघावं कळेना. "आण्णा," तो हळू म्हणाला, "लगीन करून द्यायला न्हाय चाललोय त्येला." आणि पंचा न घेताच गेला. पावणे टेम्पोच्या फळीवरून मान काढून गल्लीच्या वळणापर्यंत मागं बघत होते.

रेवणसिद्ध आत आले. समोर दोन भाकऱ्या थापून तयार. त्यांनी एक मोडली, हात पुढं केला आणि तसेच बसून राहिले. घर पूर्वी जितकं रिकामं होतं तितकंच आता होतं. पण पूर्वी त्याची सवय होती. माणूस गेला तर चार लोक बसायला येतात, कडू घास देतात. बकऱ्यासाठी बसायला कोण येणार? आणि गेलेलं तरी कुठं होतं अजून? या वेळेला ते जिवंत असेल, आपली वाट बघत असेल, या विचारानं तर त्यांना जास्तच भरून आलं. अकराच्या सुमाराला सोमेशला फोन करावा म्हणून ते उठले. नंबर अर्धा फिरवला आणि काय सांगायचं ते न सुचून ठेवून दिला.

एवढ्यात दारात एम-एटी गाडी फडफडली. कृष्णात होता, घामानं आणि पावसानं चिंब.

"आण्णा, बसा मागं. बकरं अंग झाडंना झालंय."

"म्हणजे?"

"मंजे काय मंजे. सकाळधरनं पानी वततोय. नुसतं हनुवटी वर करून हुबं हाय. चुली पेटल्यात, भाकऱ्यांचा ढीग पडलाय, सगळी मानसं उपाशी. गुरव म्हनतोय, सांभाळनाऱ्याला आना."

रेवणसिद्धांना आधी आनंद झाला, मग आनंदाची भीती वाटली. खांद्यावर पंचा तसाच होता. ते एम-एटीवर बसले.

देवळासमोरच्या पत्र्याच्या मांडवात सगळी यात्रा जमली होती आणि यात्रेच्या मधोमध पावणे उभे होते. गळ्यात हार, कपाळावर हळद, अंगातून पाणी निथळतंय, डोळे अर्धे मिटलेले. बाजूला सल्ल्यांचा पाऊस. कुणी म्हणत होतं कानात पाणी सोडा. कुणी म्हणत होतं विहिरीचं आणा, हे टाकीचं देवीला चालत नाही. एकानं तर पावण्यांपुढं उभं राहून स्वतः अंग झाडून दाखवलं होतं, "असं, असं रं." भुकेनं कळवळलेला एक पाहुणा म्हणाला, "लिंगायताकडं ठिवल्यावर दुसरं काय हुनार? आण्णांनी दीक्षा दिली आसंल बकऱ्याला." सगळे रेवणसिद्धांकडे बघू लागले.

पावण्यांनी त्यांना बघितलं. बारीक आवाजात एकदा ओरडले आणि हनुवटी आणखी वर केली.

गुरव पुढं आला. "आण्णा, तुमच्या हातचं जनावर. घरात कसं झाडतंय? काय खूण हाय का त्येची?"

खूण होती. खांद्यावर होती. कान, मान, पाठ, पोट, आणि "झालं, जावा आता." मिनिटाचं काम. रेवणसिद्धांनी आयुष्यात खोटा शेरा कधी मारला नव्हता. ते आक्काकडे वळले. ती खांबाला टेकून बसली होती.

"आक्का, देवीला नको असेल. सोडून द्या ना त्यांना. कसला एवढा मोठा नवस आहे तुमचा?"

"तुजाच हाय," आक्का म्हणाली.

रेवणसिद्धांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"हिवाळ्यात तू दवाखान्यात पडलावतास. डॉक्टरनं म्हटलंतं, पोराला बोलावून घ्या. पोरगं येस्तवर तू ऱ्हातोस का न्हाय, कोन सांगंना. तवा मी हितं आलो. म्हटलं, आमच्या आण्णाला घरला आन, तुला बकरं देतो."

"मला सांगितलं नाही कुणी."

"तू जीव तो जीव म्हननारा. सांगितलं आसतं तर सलाईन काडून भांडाय आला आसतास."

रुद्राणी गेल्यापासून रेवणसिद्धांना रोज झोपताना एक विचार यायचा: सकाळी आपण उठलो नाही तर आधी कळणार कुणाला? दाराशी पडून राहिलेल्या पेपरला. आणि इथं ही ऐंशी वर्षांची बाई गुडघे दुखत असताना माळ चढून आली होती, त्यांच्यासाठी देवीशी घासाघीस करायला. त्यांना आक्काच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिचा रागही आला. कारण त्या घासाघिशीत जे द्यायचं कबूल झालं होतं, ते समोर हनुवटी वर करून पंच्याची वाट बघत होतं. एक जीव घरी आला होता, त्याच्या बदल्यात एक जीव जाणार होता, आणि दोन्ही जीव गेले दोन महिने एकाच तव्यावरचं खात होते.

"आण्णा, खूण?" गुरवानं पुन्हा विचारलं.

"नाही," रेवणसिद्ध म्हणाले. "खूण नाही. ते झाडतच नाहीत." आणि पंचा दोन्ही हातांनी छातीशी धरून ते पावण्यांजवळ जाऊन उभे राहिले.

"मग येकदा शेवटचं," गुरव म्हणाला. कृष्णातनं विहिरीची भरलेली घागर उचलली. भूक लागलेला माणूस पाणी शिंपडत नसतो, ओततो. अर्धी घागर पावण्यांवर गेली आणि अर्धी रेवणसिद्धांच्या डोक्यावर. पावणे हलले नाहीत. तेवढ्यात पन्हाळ्याकडून गार वारा सुटला. रेवणसिद्धांची हनुवटी थरथरली, मग खांदे, मग गुडघे, आणि बघता बघता विभूती ओघळलेला तो माणूस डोक्यापासून पायापर्यंत हलू लागला. थंडीनं की रडण्यानं, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. थांबवायला गेले तर जास्तच. पावण्यांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

आक्कानं काठी आपटली. "झाडलं."

"कुटं झाडलं?" गुरव म्हणाला.

"ज्येचा नवस, त्येनं झाडलं. पोचलं देवीला."

"मग सुरी कुनाला लावायची म्हनं?" मागून तो उपाशी पाहुणा बोलला, आणि सगळा मांडव खो खो हसला. गुरवानं देवीकडे बघितलं, चुलींकडे बघितलं. त्याचंही पोट होतंच. त्यानं भंडारा घेतला, एक बोट पावण्यांच्या कपाळाला लावलं, एक रेवणसिद्धांच्या, आणि दावं त्यांच्या हातात दिलं. देवीपुढून परत आलेलं बकरं पुन्हा कुणी कापायचं नसतं.

पण मसाला वाटलेला होता, पाहुणे आलेले होते आणि आषाढ काही वाट बघत नाही. सयाजीनं कृष्णातला खाली बाजाराच्या गावाला पिटाळलं. तासाभरात एम-एटीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून तो आला. ते मटण दुकानात टांगलेलं होतं. त्या बकऱ्यांना कुणी माळावर आणलं नव्हतं, हार घातला नव्हता, पाणी शिंपडून काही विचारलं नव्हतं. रस्सा झकास झाला, असं सगळे म्हणाले. रेवणसिद्धांसाठी आक्कानं तिथंच वेगळ्या पातेल्यात बटाट्याची भाजी केली होती. ते एका कडेला पावण्यांना घेऊन बसले. आपले पावणे वाचले याचा आनंद त्यांना होता, खोटं कशाला बोला? पण त्या पिशव्यांतले कोण होते, हा विचार काही घशाखाली उतरेना, आणि भाजीतलं निम्मं ताटातच राहिलं.

दिवेलागणीला टेम्पोनं दोघांना दारात सोडलं. उतरेपर्यंत पावसाची एक सर येऊन गेली होती. रेवणसिद्धांनी समई लावली, पावण्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "थांबा." कान पुसले, मान पुसली, पाठ पुसली, पोट पुसलं. पंचाच ओला, त्यामुळे पावणे काही नीट कोरडे झाले नाहीत. दिवसभराच्या दमण्यानं मागचं दार उघडायचंही राहून गेलं. हात काढला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "झालं, जावा आता."

पावण्यांनी चारही पाय रोवले आणि सकाळपासूनचं साठवलेलं सगळं, नाकापासून शेपटापर्यंत, खडाखड झाडलं. समई विझली. रुद्राणीच्या गालावरून पाणी ओघळलं.

आणि पुढच्या दारात कुणीतरी उभं असल्याचं रेवणसिद्धांना कळलं. आक्का होती. हातात झाकलेली ताटली. ती किती वेळ उभी होती, देव जाणे. पण पंचा बघितला होता, "झालं, जावा आता" ऐकलं होतं आणि पुढचंही सगळं बघितलं होतं. रेवणसिद्धांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगायला हवं होतं. खूण होती, आक्का, मी खोटं बोललो. पण ते नुसता पंचाच पिळत राहिले. पावणे मजेत कान हलवत उभे होते.

आक्कानं ताटली उंबऱ्यावर ठेवली. "दुपारी तू जेवला न्हाईस. दोन पोळ्या हाइत. येक तुला, येक पावन्यास्नी," ती म्हणाली. मग तिनं वळून आपल्या घराकडे बघितलं. सयाजी म्हशींना वैरण टाकत होता.

"दार लावून घे, आण्णा," ती हळू म्हणाली. "त्येनं बघितलं तर परत टेंपो काडंल."